भाटकार नको, राखणदार हवा

आमच्या गावच्या नाटकमंडळात मी प्रॉम्प्टर. विंगेत एक स्टूल, मांडीवर वही, वहीवर धरलेला छोटा टॉर्च, एवढाच माझा संसार. तिथून नाटक उलट्या बाजूने दिसतं. राजाच्या अंगरख्याला पाठीमागून लावलेल्या सेफ्टी पिना दिसतात, एंट्रीआधी देवाचं नाव घेणारा खलनायक दिसतो, आणि भिंतीच्या कडेला ठेवलेला एक नारळ दिसतो. तो राखणदाराचा. पडदा उघडायच्या आधी गाऱ्हाणं घालून तो तिथे ठेवायचा, ही आमच्याकडची रीत.

राखणदार म्हणजे कोण, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. गावाची सीमा राखणारा तो. रात्रीचा फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो असं जुनी माणसं सांगतात. वेताळाच्या काही देवळांत त्याला चामड्याच्या चपला वाहतात, कारण फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात. वर्षाकाठी एखादा रोट आणि नारळ यापलीकडे त्याचं मागणं नसतं. त्याच्या नावाने समारंभ होत नाहीत आणि त्याच्या हस्ते कशाचं उद्घाटनही होत नाही.

गोव्यात दुसरा एक शब्द आहे, भाटकार. भाट म्हणजे माडा-पोफळींची बागायत, भाटकार तिचा मालक. त्याच्या भाटात घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर मुंडकाराचं, जमीन भाटकाराची. म्हणजे घरावरची कौलं बदलायची तरी भाटकाराचा चेहरा पाहायचा. १९७५ साली मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि कागदावर तरी हे नातं बदललं.

गोव्याच्या कला अकादमीचा विषय निघाला की मला हे दोन शब्द आठवतात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने कलेला आधार कसा द्यावा, हा प्रश्न आपण नेहमी रकमेचा करून टाकतो. अनुदान किती, पुरस्कार किती, मानधन किती. माझ्या मते तो नात्याचा प्रश्न आहे. संस्था कलावंताची राखण करते की त्याला आपल्या भाटातला मुंडकार समजते, यावर बाकीचं सगळं ठरतं.

अकादमी १९७० साली स्थापन झाली. गोवा मुक्त होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती, मुख्यमंत्री होते दयानंद बांदोडकर. त्याआधी इथल्या कलेला आधार नव्हता असं नाही. देवळं होती, महाजन होते, सावकार होते. पण त्या आधाराची किंमत कोण मोजत होतं ते विसरता येत नाही. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ज्या समाजातून आल्या, त्या कलावंत समाजातल्या बाईचं गाणं देवळाच्या सेवेशी आणि यजमानाच्या मर्जीशी बांधलेलं होतं. गळा तिचा, मालकी दुसऱ्याची. केसरबाईंना आणि मोगूबाईंना मोठं होण्यासाठी गोवा सोडून मुंबई गाठावी लागली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत भारतातून एकच गाणं निवडलं गेलं, ते केसरबाईंचं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. आज अकादमी त्यांच्या नावाने समारोह भरवते आणि पणजीत त्याला जाणकार गर्दी करतात. समारोह छान असतो. पण तिथे बसलं की मला वाटतं, अकादमीची खरी गरज काय होती याचं उत्तर या बाईच्या आयुष्यातच आहे. यजमानाशिवाय गाता यावं, नाचता यावं, नाटक करता यावं, यासाठी सरकारी संस्था हवी होती. आश्रयाच्या जागी हक्क यावा, ही मुक्तीनंतरची खरी सांस्कृतिक घडामोड ठरायला हवी होती.

बऱ्याच अंशी ती ठरलीही. टीका करणाऱ्याने हे आधी कबूल करावं. अकादमीच्या संगीत विद्यालयात सामान्य घरांतली मुलं शिकली. भजनस्पर्धांनी गावोगावच्या पेटीवाल्यांना आणि पखवाजियांना कामाला लावलं. भाषावादाने गोवा पेटलेला असताना आणि नंतरही, मराठी आणि कोकणी दोन्ही नाट्यस्पर्धा एकाच छपराखाली होत राहिल्या. हे दिसतं तेवढं सोपं नव्हतं.

आणि मराठी नाट्यस्पर्धेचे ते दोन गट, 'अ' आणि 'ब'. 'अ' गटात मुरलेली मंडळं, 'ब' गटात आमच्यासारखी. बाहेरच्या माणसाला ही बक्षिसांची भानगड वाटेल. आत असलेल्याला माहीत असतं की बक्षीस हे निमित्त. स्पर्धेचा अर्ज भरला की मंडळाच्या अंगात वर्षभराची शिस्त शिरते. पावसाळा सरताना देवळाच्या मंडपात एका ट्यूबलाइटखाली तालमी सुरू होतात. कदंब बसचा ड्रायव्हर ड्युटी बदलून घेतो. शाळामास्तर दहावीच्या वह्या तिथेच तपासतात. नायिका मिळत नाही म्हणून शेजारच्या गावात दोन चकरा होतात, तिच्या आईला "अकराच्या आत घरी सोडू" असा शब्द दिला जातो, आणि तो पाळायला मोटारसायकलवर मलाच जावं लागतं. दीड-दोन महिने हे चालतं. शेवटी हाती काय लागतं, तर एक प्रयोग, परीक्षकांचे चार शब्द आणि प्रवासखर्चाच्या पावत्या. पण त्या दोन महिन्यांत गावातली वीस माणसं एका संहितेभोवती बसलेली असतात. कलेला आधार देण्याचा इतका स्वस्त आणि इतका खोल जाणारा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. बावीस टीव्ही कॅमेऱ्यांसमोर होणाऱ्या महोत्सवाच्या एका रात्रीचा मंडपखर्च काढा आणि त्यात किती गावांच्या तालमी होतील याचा हिशोब घाला.

२०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा हे आम्हाला नीट कळलं. तोवर नाटकाच्या वर्गणीत ट्रकमालकांचा मोठा वाटा असायचा. खाण थांबली, ट्रक अंगणात उभे राहिले आणि वर्गणीची यादी एका वर्षात अर्ध्या पानावर आली. मधे थोडी धुगधुगी आली, २०१८ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षांत स्पर्धा नसती तर आमचं मंडळ बहुतेक मोडलं असतं. यजमान आज असतो, उद्या नसतो. संस्था दरवर्षी असायला हवी. तिच्याकडून मला मुख्यतः ही अपेक्षा आहे: ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी, न सांगता हजर.

आता अकादमीच्या इमारतीकडे वळतो. पणजीत कांपालला, मांडवीच्या काठावर, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ती उभी केली. रस्त्यावरून आत शिरलं की मधे भिंत आडवी येत नाही. सावलीतून चालत चालत माणूस नदीपाशी निघतो. तिकीट नसलेला, नाटकाशी देणंघेणं नसलेला माणूसही तिथे बसू शकतो. मुख्य प्रेक्षागृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव, आणि त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी रंगवलेले प्रेक्षक. सज्जात बसलेले, डोकावणारे, आपापसांत बोलणारे. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नटाला घर भरलेलं दिसावं, अशी ती गंमत. मी तर म्हणेन, कलेला आधार म्हणजे काय यावरचं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे.

या इमारतीचं पुढे काय झालं ते गोव्यात सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये काही भाग पाडण्याची भाषा सुरू झाली, त्याला विरोध झाला. मग नूतनीकरण ठरलं. २०२१ पासून दारं बंद. काम निविदा न मागवता दिलं गेलं. विधानसभेत त्यावर प्रश्न आले तेव्हा तत्कालीन कला आणि संस्कृती मंत्री म्हणाले की शाहजहानने ताजमहाल बांधताना कोटेशनं मागवली नव्हती. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. रात्रीची वेळ, आत कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. नोव्हेंबरात दारं उघडली, तोवर खर्च पन्नास कोटींच्या पुढे गेला होता. मग गळती, ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल कलावंतांच्या तक्रारी, आंदोलनं, आणि २०२५ मध्ये नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच नेमलेलं कृतिदल.

यातल्या भ्रष्टाचाराच्या आरोपांत मी शिरत नाही, तो तपास यंत्रणांचा विषय. मला ताजमहालाचं ते वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात जीभ घसरलेली नाही. ते मनातलं आहे. बादशहा बांधतो आणि रयत पाहते. भाटकार असंच बोलतो. ज्या नटांना त्या रंगमंचावर उभं राहायचं आहे, ज्या प्रकाशयोजनाकाराला त्या बारवर स्पॉट टांगायचे आहेत, त्याला कामाआधी कोणी काय विचारलं? स्पॉट कुठे हवा, विंगेत किती जागा लागते, ग्रीनरूममधून मंचावर यायला किती पावलं पडतात, हे बांधकाम खात्याच्या इंजिनियरला ठाऊक असण्याचं कारण नाही. रोज काम करणाऱ्याला ते झोपेतही सांगता येतं. छत कोसळायला अनेक तांत्रिक कारणं असतील. पण वापरणाऱ्याला न विचारता दुरुस्ती होते तेव्हा ती कधीतरी, कुठेतरी गळतेच.

आणि हेही पाहा. नूतनीकरण चाललं होतं त्या काळात कला आणि संस्कृती मंत्री आणि अकादमीचे अध्यक्ष एकच होते. म्हणजे तक्रार करायची झाली तर अकादमीच्या अध्यक्षांनी मंत्र्यांकडे करायची, आणि मंत्र्यांनी अध्यक्षांना जाब विचारायचा. आरशासमोर उभं राहून भांडण्याचा हा प्रकार. व्यक्ती बदलली म्हणून तो दोष जात नाही. खुर्चीची रचनाच तशी आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते फालतू नाही. पैसा जनतेचा, तेव्हा जनतेने निवडून दिलेल्या माणसाच्या हातात तो असू नये का? चार रंगकर्मींच्या हाती दिला तर ते आपल्याच कंपूत वाटतील. खरं आहे, वाटतील. नाटकवाल्यांचे कंपू मी विंगेतून पाहिलेले आहेत. एका परीक्षकाच्या भाच्याला मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीस आमच्याकडे अजून निघतं बोलण्यात. पण निवडून आलेल्या माणसाचं काम हिशोब मागण्याचं आहे. तो स्वतःच हिशोब लिहायला बसला तर मागणार कोण? मंत्र्याने विधानसभेतून पैसा आणावा, लेखापरीक्षण करून घ्यावं, आणि मधली जागा मोकळी सोडावी. ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल निघालं ते याच तत्त्वावर; पैसा सरकारचा, निवड कौन्सिलची, मधे हातभर अंतर. ते अंतर तिथेही कमीजास्त होत आलं, पण अंतर हवं हे तत्त्व तरी मान्य आहे. आपल्याकडे साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष पंडित नेहरूच होते, आणि अकादमीचा अध्यक्ष म्हणून पंतप्रधानांची ढवळाढवळ मला चालणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे. कौतुकाने सांगितला जाणारा हा किस्सा मला थोडा भीतिदायक वाटतो. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस, आणि मधलं अंतर फक्त त्याच्या सभ्यतेएवढं. सभ्यता काही घटनेत लिहून ठेवता येत नाही.

अंतर नसलं की काय होतं हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलं. १९८१ साली विनय हार्डीकरांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला'ला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने मागे घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाचा पुरस्कार जाहीर होऊन आठवडाभरात रद्द झाला. निवड समितीच बरखास्त केली, आणि निषेध म्हणून काही साहित्यिकांनी सरकारी समित्यांचे राजीनामे दिले. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे, मधे चाळीस वर्षं. पुस्तकं आवडोत न आवडोत, तज्ज्ञांनी दिलेला कौल मंत्रालयातून फिरवता येतो हे एकदा सिद्ध झालं की पुढच्या समितीतला माणूस पुस्तक उघडायच्या आधी मंत्रालयाचा विचार करतो. रद्द झालेले पुरस्कार मोजता येतात. भीतीने न दिलेले कोण मोजणार?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. तियात्र, म्हणजे गोव्याचं कोकणी संगीत नाटक, ते बघा, लोक म्हणतात. १८९२ साली मुंबईत पहिलं तियात्र झालं आणि तेव्हापासून ते तिकिटावर उभं आहे. सरकारची टर उडवणारी कांतारां, म्हणजे गाणी, म्हणायची आणि त्याच रात्री गल्ला मोजायचा. तियात्रिस्ताला जमतं ते मराठी नाटकवाल्याला का जमू नये? अनुदानाची सवय लागली की धार जाते हे मी नाकारत नाही. आमच्याच स्पर्धांत परीक्षकांना आवडेल म्हणून निवडलेली, प्रेक्षकाला न कळणारी नाटकं मी मान खाली घालून प्रॉम्प्ट केली आहेत. पण तियात्रवाल्याला विचारा त्याला सरकारकडून काय हवं. तो म्हणेल, तारखा द्या, चालू असलेला माइक द्या, भाडं परवडेल असं ठेवा. आणि कांपालचं दार बंद होतं त्या काळात त्याचंही तेवढंच अडलं. कला राखण मांड या नावाने कलावंत एकत्र आले तेव्हा त्यात तियात्रवाले होते आणि मराठी नाटकवालेही होते. मांड म्हणजे गावातली लोककला सादर करण्याची पवित्र जागा, आणि राखण हा शब्द तर त्यांनी स्वतःहून निवडला. अनुदान मंडळ किंवा हक्क समिती असं काही नाव त्यांनी घेतलं नाही, याची नोंद घ्यावी.

ज्याला तिकीट मिळूच शकत नाही अशा गोष्टीही आहेत. रणमाले, जागर, धालो या लोककला, ही मांडावरची कामं. त्यांना तिकीट लावलं तर ती मरतील. घुमट या मातीच्या तालवाद्याचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, योग्यच झालं, आणि आता बकऱ्याचं कातडं लावतात. नाद थोडा वेगळा येतो, ताणही वेगळा द्यावा लागतो. घुमटाचं मडकं घडवणाऱ्या कुंभारासमोर बसलं की कळतं, भांड्याचा गळा दोन बोटं रुंद झाला तर आवाज बदलतो; आणि हे हाताला कळणारे कुंभार आता फार उरले नाहीत. दर्जा जाहीर करणं चांगलंच. पण त्याला एक सही लागते. कुंभाराच्या मुलाने चाकावर बसावं यासाठी दहा वर्षं कोणीतरी माती, भट्टी आणि गिऱ्हाईक यांची चौकशी करत राहावी लागते. त्याच्या बातम्या होत नाहीत, फोटो निघत नाहीत.

माझ्या मागण्या तशा क्षुल्लक आहेत. अकादमीच्या अध्यक्षपदी मंत्री किंवा आमदार नको, कुठल्याही पक्षाचा. नियामक मंडळावर निम्मी माणसं प्रत्यक्ष रंगमंचावर, गाण्याच्या बैठकीत किंवा प्रकाशयोजनेच्या बोर्डामागे काम करणारी, ठरावीक मुदतीची, पुन्हा न येणारी. बैठकीचं इतिवृत्त महिन्याच्या आत लोकांना वाचायला. आणि पैसे वेळेवर. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, पण सांगताना लाज वाटते. एका सरकारी कचेरीकडून आमच्या एका प्रयोगाचे पैसे यायला चौदा महिने लागले. तोवर नेपथ्यवाल्याचं बिल मास्तरांनी स्वतःच्या पगारातून भागवलं होतं. मी चौकशीला गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कोणाची ओळख आहे का?" तो वाईट माणूस नव्हता, मला मदतच करू पाहत होता. भाटात राहायचं तर भाटकाराची ओळख लागते, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

एका उद्घाटनाला आमचा प्रयोग होता. पहिल्या रांगेत सोफे, त्यांवर पांढरे टॉवेल. तिसरी घंटा देऊन झाली होती, तरी निरोप आला की पाहुणे वाटेत आहेत, थांबा. पन्नास मिनिटं आम्ही मेकअपमध्ये उभे. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या पोराची दाढी घामाने सुटली, ती गमने पुन्हा चिकटवली. बाहेर मांडवीत कॅसिनोच्या बोटी झगमगत होत्या. त्यांना कोणाची वाट पाहावी लागत नाही. पाहुणे आले, समई पेटली, भाषण झालं, पहिल्या अंकाच्या मध्यात ते उठून गेले आणि त्यांच्यामागून सोफ्यांची अख्खी रांग उठली. नटाने वाक्य अर्धं सोडलं. मी विंगेतून ते पुन्हा दिलं.

यंदा 'ब' गटासाठी नवी संहिता घेतली आहे. सात पुरुष, दोन बाया, एकच सेट. दुसरी बाई अजून मिळालेली नाही. तारीख कळायची आहे, कुठल्या सभागृहात ते कळायचं आहे. तालमी सोमवारी रात्री साडेआठपासून, देवळाच्या मंडपात.